आधी काळोख मोजा

प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. दुकानात पाऊल टाकण्याआधी एवढं एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं, तरी पुढचे बरेच पैसे वाचतात. लाल, हिरवा, निळा आणि तिन्ही मिळून पांढरा, एवढाच उजेड त्या यंत्राजवळ असतो. सिनेमातली रात्र, नायिकेचे केस, अक्षरांची काळी कड हे सगळं म्हणजे भिंतीचा उजेड न पडलेला भाग. तिथे तुमची भिंत जशी दिसेल, तसा तुमच्या सिनेमातला काळा रंग. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड भिंतीवर येत असेल तर तो काळा राखाडी होणारच, मग यंत्र दहा हजारांचं असो की लाखाचं. म्हणून या प्रकरणात यंत्राच्या आधी खोलीबद्दल बोलायचं आहे.

खोली पेणची किंवा रोह्याची आहे असं धरू. ही दोन गावं उगाच निवडलेली नाहीत. दोन्ही तालुक्याची ठिकाणं, दोन्ही दिवा–रोहा मेमूच्या मार्गावर, आणि दोन्हीकडे कौलारू घराला खेटून फ्लॅटची इमारत उभी राहिलेली. सिनेमा-क्रिकेटची हौस मुंबईइतकीच, खर्चाचं बजेट मात्र बेताचं. आणि मुख्य म्हणजे पाऊस. मोठ्या शहरातल्या वातानुकूलित हॉलसाठी लिहिलेले खरेदीचे सल्ले रायगडच्या जून ते सप्टेंबरात टिकत नाहीत. दुरुस्तीसाठी यंत्र न्यायचं तर बहुतेक कंपन्यांची केंद्रं मुंबई, ठाणे, नवी मुंबईत. म्हणजे एक दिवस खाडा. हाही हिशेब किमतीत धरावा लागतो.

आता खोक्यावरच्या आकड्याकडे येऊ. स्वस्त प्रोजेक्टरच्या दुकानात संवाद साधारण असा होतो:

"काका, हा घ्या. पंधरा हजार ल्युमेन आहे. दिवसासुद्धा दिसतो."

"एएनएसआय ल्युमेन किती?"

"तेच हो. पंधरा हजार."

खरोखर पंधरा हजार ल्युमेन टाकणारे प्रोजेक्टर असतात. ते मोठ्या सभागृहात, छताला लोखंडी सांगाड्यात टांगलेले दिसतात. उचलायला दोन माणसं लागतात आणि किंमत लाखांत असते. दहा-बारा हजारांत, डब्याएवढ्या खोक्यात तेवढा उजेड मिळत नाही. मग दुकानदार खोटं बोलतो का? नेहमीच नाही. खोक्यावर जे छापलंय ते तो वाचतो. छापणारा मात्र बहुतेक वेळा आतल्या एलईडी दिव्याचा उजेड छापतो. भिंतीवर किती पोहोचतो, ते त्याला सांगायचं नसतं.

दिव्यापासून भिंतीपर्यंतच्या वाटेत उजेडाचं काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. बाजारातले बहुतेक स्वस्त प्रोजेक्टर एकाच एलसीडी काचेवर चालतात. मागे पांढरा एलईडी, पुढे ती काच, त्यापुढे भिंग. एलसीडीला एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश लागतो, म्हणून आधी ध्रुवक, म्हणजे पोलरायझर, त्यातला निम्म्याहून अधिक उजेड गिळतो. मग प्रत्येक ठिपक्याच्या तीन उपठिपक्यांवर लाल, हिरवी, निळी गाळणी. लाल गाळणी हिरवा आणि निळा अडवते, हिरवी बाकीचे दोन अडवते. म्हणजे उरलेल्यातला आणखी दोन-तृतीयांश गेला. ठिपक्यांच्या मधल्या काळ्या रेषा, मागचा ध्रुवक, भिंग यांचा वाटा वेगळाच. शेवटी शंभरातले पाच-सात भाग भिंतीवर पोहोचले तर नशीब. सहा हजार ल्युमेनच्या दिव्यातून दोनशे-तीनशे निघतात ते यामुळे. गिळलेला सगळा उजेड आतच उष्णता होऊन राहतो, म्हणून तो पंखा सतत घोंघावत असतो.

थोडे जास्त पैसे मोजले की दोन वेगळ्या रचना मिळतात. एकीत लाल, हिरव्या, निळ्यासाठी तीन स्वतंत्र काचा असतात. खास आरसे पांढऱ्या प्रकाशाची आधीच तीन रंगांत वाटणी करतात, त्यामुळे गाळणीत वाया जाणारा भाग वाचतो. दुसरीचं नाव डीएलपी. हिच्यात एका चिपवर लाखो सूक्ष्म आरसे असतात आणि ते सेकंदाला हजारो वेळा कलतात. ही चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली बनवली. डीएलपीत रंग एकामागोमाग एक येतात, म्हणून काही लोकांना झटकन नजर फिरवली की पांढऱ्या कडेवर इंद्रधनुष्य चमकल्यासारखं दिसतं. घरात कुणाला ते दिसतं का, हे विकत घेण्यापूर्वी पाहायला हवं. एकदा दिसायला लागलं की त्याकडे दुर्लक्ष करणं कठीण.

भिंतीवर पोहोचलेला उजेड मोजायची रीत १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने घालून दिली. त्या संस्थेची आद्याक्षरं म्हणजेच एएनएसआय. रीत सोपी आहे. पूर्ण पांढरं चित्र टाकायचं, त्याचे उभे-आडवे सारखे नऊ भाग कल्पायचे, प्रत्येक भागाच्या मध्यावर लक्स मोजायचे, सरासरी काढायची आणि चित्राच्या चौरस मीटरमधल्या क्षेत्रफळाने गुणायचं. आलं ते उत्तर ल्युमेन. आता चांगल्या कंपन्या आयएसओ २१११८ या आंतरराष्ट्रीय मानकाचा आकडा देतात, तोही विश्वासाचा. या दोन्हींपैकी काहीच खोक्यावर नसेल, नुसतेच "ल्युमेन" असतील, तर तो आकडा वाचलाच नाही असं समजून पुढे जावं.

ही मोजणी घरीसुद्धा करता येते. अँड्रॉइड फोनच्या कानाकडच्या कडेला उजेड ओळखणारा एक बारीक सेन्सर असतो. पडद्याचा प्रकाश आपोआप कमी-जास्त होतो तो त्याच्यामुळे. लक्समीटरचं एखादं फुकट ॲप घाला. भिंतीवर ८० इंचांचं चित्र टाका, ते १.७७ मीटर रुंद आणि जेमतेम १ मीटर उंच असतं, म्हणजे क्षेत्रफळ १.७७ चौरस मीटर. फोन भिंतीला टेकवा, तोंड प्रोजेक्टरकडे, आणि स्वतः बाजूला उभे राहा, नाहीतर तुमचीच सावली मोजाल. समजा मध्यभागी १२० आले, कोपऱ्यांत ६५-७०, आणि नवांची सरासरी ९०. आता भिंगावर पुठ्ठा धरून पुन्हा मोजा. खोलीतला भटका उजेड ५ निघाला तर तो वजा. उरले ८५. गुणिले १.७७, म्हणजे १५० ल्युमेन. फोनचा सेन्सर काही प्रयोगशाळेतला नव्हे, वीस-तीस टक्के इकडेतिकडे होईल. पण १५० आणि १५,००० यांत वीस टक्क्यांचा प्रश्न उरत नाही. कोपरे मध्यभागाच्या निम्म्यावर आले असतील तर भिंग हलक्या प्रतीचं, हेही याच मोजणीत कळतं.

मग किती हवा? चित्रपटगृहातला पांढरा ४८ कँडेला प्रति चौरस मीटर असावा असं डिजिटल सिनेमाचं मानक सांगतं. साध्या मॅट पांढऱ्या पडद्यावर त्यासाठी दीडशे लक्स लागतात. घरी, गच्च काळोखात, त्याच्या निम्म्यावरही डोळ्यांना चांगलं वाटतं. डोळ्याची बाहुली मोठी होते आणि जमवून घेते. निम्मं म्हणजे पंचाहत्तर लक्स. ८० इंचांना त्यासाठी खरे १३० ल्युमेन पुरतात, १०० इंचांना २०० च्या वर, १२० इंचांना ३००. चित्र थोडं मोठं केलं की क्षेत्रफळ झपाट्याने वाढतं आणि उजेड पातळ होतो. "दोनशे इंचांपर्यंत" असं खोक्यावर लिहिलेलं असतं ते खोटं नसतं. चित्र पडतं, दिसत नाही.

आता त्याच खोलीत ९ वॅटचा एक एलईडी बल्ब लावा. शंभर-सव्वाशे रुपयांचा तो बल्ब नऊशेच्या आसपास ल्युमेन फेकतो. दहा बाय बाराच्या खोलीत त्यातले तीस-पस्तीस लक्स तुमच्या पडद्याच्या भिंतीवर येऊन पडतात. प्रोजेक्टरचा पांढरा आता ७५ अधिक ३५, म्हणजे ११०. आणि काळा, ज्याला शून्य असायला हवं होतं, तो ३५. पांढरा काळ्याच्या जेमतेम तिप्पट. खोक्यावर कॉन्ट्रास्ट दहा हजारास एक लिहिलेला असतो, तो एका बल्बने तिनास एक करून ठेवला. दिवसा पडदे ओढून घेतलेल्या खोलीतसुद्धा याहून जास्त उजेड असू शकतो.

रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या माणसाने हे दोनदा वाचावं. रात्रपाळी करून आलेल्याला मोकळा वेळ मिळतो तो दुपारी. त्याच्यासाठी स्वस्त प्रोजेक्टर ही निव्वळ निरुपयोगी वस्तू आहे. त्याने टीव्हीच घ्यावा. उलट आयपीएलचे संध्याकाळचे सामने साडेसातला सुरू होतात आणि मे महिन्यात आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या आत मावळतो. ते सामने प्रोजेक्टरवर छान दिसतात. रविवारचा साडेतीनचा सामना त्याच भिंतीवर धुतल्यासारखा दिसेल.

काळोखाचा हा धडा महाराष्ट्राला नवा नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' नावाने दिव्याच्या चित्रांचे खेळ सुरू केले. हाताने रंगवलेल्या काचा, त्या पडद्यावर मोठ्या करून दाखवणारे दिवे आणि जोडीला कथन. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा सिनेमा दाखवला गेला तो ७ जुलै १८९६ ला. पटवर्धनांचा खेळ त्याआधी चार वर्षांचा. त्या काळच्या दिव्यांचा उजेड तो केवढासा, पण प्रेक्षक बसत काळोखात. पुढे जत्रेतल्या तंबू थिएटरांनाही रात्र पडेपर्यंत थांबावं लागे.

कोकणातल्या जुन्या घराची रचना या कामाला भलतीच सोयीची निघते. ओटी उघडी, पडवीत उजेड. पण माजघर चारी बाजूंनी खोल्यांनी वेढलेलं, अनेकदा एकही खिडकी थेट बाहेर न उघडणारं. दिवसा दिवा लावावा लागतो म्हणून ज्या खोलीला नावं ठेवली गेली, तीच प्रोजेक्टरसाठी घरातली उत्तम जागा. फ्लॅटवाल्यांना हे सुख नाही. त्यांनी हॉलच्या मोठ्या खिडकीचा आणि बाल्कनीच्या दाराचा विचार करावा, किंवा सरळ आतली झोपण्याची खोली निवडावी. काळ्या अस्तराचे जाड पडदे शिवून घ्यायला खर्च येतो. तो खर्च यंत्राच्या किमतीत मिळवूनच यंत्र निवडा. माझ्या मते तीन हजारांचे पडदे आणि नऊ हजारांचं यंत्र हे उघड्या खिडकीतल्या पंधरा हजारांच्या यंत्राहून सरस.

भिंतीचं म्हणाल तर मॅट पांढरी भिंत हा उत्तम आणि जवळजवळ फुकटचा पडदा. आपल्याकडे हॉलला पिस्ता, फिकट गुलाबी, आकाशी असे रंग देण्याची हौस फार. पिस्ता भिंतीवर क्रिकेटपटूंचे पांढरे कपडे पिस्ता दिसतील, इलाज नाही. ऑइलपेंटची चकचकीत भिंत नको. मध्यभागी दिव्याचा डाग चमकतो. चुन्याची गुळगुळीत भिंत चालते, मात्र पावसाळ्यात ओल धरून पोपडे आले की प्रत्येक पोपडा नटाच्या गालावर दिसतो. रंगाऱ्याला सांगून लागेल तेवढाच चौकोन मॅट पांढरा करून घ्यावा, आणि त्याभोवती तीन बोटं रुंद काळी पट्टी मारावी. पट्टीमुळे चित्राची कड कातरल्यासारखी स्वच्छ दिसते आणि तिच्या शेजारी चित्रातला राखाडीही जरा काळा भासतो. चादर बांधू नये. तिच्यातून बराच उजेड आरपार जातो, आणि पंखा लावला की सगळी पात्रं डुलायला लागतात. पडदाच घ्यायचा तर मागे काळा थर असलेलं मॅट कापड बघा. गुंडाळून ठेवलेल्या पडद्याला आषाढात बुरशी धरते, तेव्हा तो पावसाळाभर उघडाच टांगलेला बरा.

आता अंतर. प्रोजेक्टर भिंतीपासून किती लांब ठेवला तर चित्र किती रुंद पडेल, हे त्याच्या थ्रो रेशोवर ठरतं: अंतर भागिले चित्राची रुंदी. स्वस्त यंत्रांत हा आकडा साधारण १.२ ते १.४ असतो. खोली दहा फूट लांब, म्हणजे ३.०५ मीटर. यंत्राची लांबी आणि मागच्या वायरींना एक फूट सोडलं तर उरले पावणेतीन मीटर. १.३५ ने भागा: २.०४ मीटर रुंद चित्र, तिरकं मोजलं तर ९२ इंच. त्या खोलीत "१५० इंच" वाचून काहीच उपयोग नाही, आणि खरं तर ९२ भरपूर होतात. खरेदीआधी टेप घेऊन एवढी एक वजाबाकी आणि भागाकार करावा. पाच मिनिटांचं काम आहे.

यंत्र भिंतीच्या समोर सरळ ठेवायचं, हेही ओघानेच आलं. कौलारू घरात सपाट छत नसतं आणि वाशाला टांगायचं तर उंची बेहिशेबी होते, म्हणून बहुतेक लोक स्टुलावर ठेवून पुढची बाजू उचलतात. चित्र वर रुंद, खाली अरुंद पडतं. मग रिमोटवरचं किस्टोनचं बटण दाबून चौकोन सरळ करतात. त्यात होतं असं की यंत्र मूळ चित्रच आत दाबून तिरकं करतं. दाबलेल्या भागातले ठिपके वाया जातात, अक्षरं बोथट होतात आणि चित्राबाहेर फिकट राखाडी उजेडाची पाचर उरते. थोडंफार किस्टोन ठीक. जास्त लागत असेल तर बटणाऐवजी स्टूल बदला.

ठिपक्यांच्या बाबतीत खोक्यावर "४के सपोर्ट" किंवा "१०८०पी सपोर्ट" असं ठळक असतं. म्हणजे तेवढं मोठं चित्र आत घेतलं जातं. बाहेर किती ठिपके पडतात हे "नेटिव्ह" या शब्दापुढे लिहिलेलं असतं. नेटिव्ह ८५४ गुणिले ४८० असेल तर आपल्या ९२ इंची चित्रात एकेक ठिपका जवळजवळ अडीच मिलिमीटरचा होतो. १२८० गुणिले ७२० ला तो १.६ मिलिमीटर, आणि १९२० गुणिले १०८० ला साधारण एक. इंग्रजी अक्षरं ४८० वरही वाचता येतात, देवनागरीची मात्र पंचाईत होते. वेलांटी, अनुस्वार, रफार, जोडाक्षरांच्या आतल्या गाठी एकमेकांत मिसळतात. मराठी बातम्यांची पळती पट्टी किंवा सिनेमाची मराठी उपशीर्षकं वाचायची असतील तर ७२० च्या खाली जाऊ नये. परवडत असेल तर १०८० घ्या, पण ते घेताना उजेडावर पाणी सोडू नका. दोन्हींतलं एक निवडायची वेळ आली तर मी ७२० ठिपके आणि जास्त उजेड निवडेन.

पेणमध्ये राहत असाल तर रंग तपासायला लांब जायला नको. गणपतीच्या कारखान्यात रंगकाम नाहीतर डोळ्यांची आखणी करणारं कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच. त्याला भिंतीवर एखाद्या माणसाचा चेहरा दाखवा. अंगाच्या रंगातली निळसर झाक तो बसण्याआधीच सांगेल. टीव्हीचा पांढरा ६५०० केल्विनचा धरलेला असतो. स्वस्त यंत्रं तो त्याहून पुष्कळ निळा ठेवतात, कारण निळसर पांढरा डोळ्यांना जास्त झगझगीत भासतो आणि दुकानात यंत्र विकलं जातं. सेटिंगमध्ये "वॉर्म" शोधा. पहिली दोन मिनिटं चित्र पिवळं वाटेल, मग चेहरे माणसांचे दिसायला लागतील. ती सोयच नसेल तर यंत्र बाजूला ठेवा.

आता पाऊस. पहिल्या सरी पडल्या की संध्याकाळी पंखवाल्या वाळव्या आणि नाना तऱ्हेची पाखरं दिव्यावर झेपावतात, आणि काळोख्या खोलीतला एकमेव दिवा म्हणजे तुमचा प्रोजेक्टर. भिंतीवर बसतात ती त्यांच्या मागावर आलेल्या पालीच्या वाट्याला जातात. ऐन रंगात आलेल्या प्रसंगात नायकाच्या नाकावर पाल, हे दृश्य कोकणात प्रत्येक प्रोजेक्टरवाल्याने कधी ना कधी पाहिलेलं असणार. खरी भीती दुसरीच असते. थंडाव्यासाठी हवा आत खेचणाऱ्या पंख्याबरोबर चिलटं आणि धूळ आत जाते आणि एलसीडी काचेवर बसते. भिंतीवर तो कण दहा रुपयांच्या नाण्याएवढा धूसर डाग होऊन दिसतो, आणि यंत्र उघडल्याशिवाय निघत नाही. म्हणून वर्णनात "बंद ऑप्टिकल इंजिन" आहे की नाही हे आमच्या भागासाठी ल्युमेनइतकंच महत्त्वाचं. त्यात काच आणि भिंग हवाबंद कप्प्यात असतात, वारा फक्त बाहेरून फिरतो. थोडे पैसे जास्त पडतात; ते द्या. खिडकीला डासांची जाळी तर हवीच.

ओल हे दुसरं दुखणं. खारेपाटाकडच्या गावांत हवेत मीठही असतं. महिनाभर कपाटात बंद राहिलेल्या भिंगावर बुरशीचं जाळं धरतं, आणि ते काचेवरचा थर खाऊन टाकतं. पुसून जात नाही. पावसाळ्यात यंत्र आठवड्यातून एकदा तरी तासभर चालवावं, त्याच्याच उष्णतेने ते कोरडं राहतं. एरवी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवावं. विजेचं फार टेन्शन नको. एलईडी प्रोजेक्टर साठ ते सव्वाशे वॅट खातो, घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो. वीज झटक्याने जात-येत असेल तर सर्ज प्रोटेक्टर मात्र लावा.

एलईडीचं आयुष्य तीस हजार तास लिहिलेलं असतं. रोज दोन तास पाहिलं तर चाळीस वर्षं! दिवा टिकेलही, पण त्याआधी पंखा खडखडेल, किंवा उष्णतेने ध्रुवक करपून चित्राच्या मधोमध पिवळट-तपकिरी डाग येईल. स्वस्त यंत्राचा मृत्यू बहुधा असाच होतो. तीन-चार वर्षं धड चाललं तर पैसे वसूल समजावे.

आवाज आणि ॲप यांवर फार शब्द खर्च करत नाही. आतला स्पीकर पाच-दहा वॅटचा आणि पंख्याशी भांडणारा; घरात जुना होम थिएटर किंवा साउंडबार असेल तर वायरने जोडा, कारण ब्लूटूथवर ओठ आणि शब्द यांत फरक पडू शकतो. आत अँड्रॉइड आहे याला भुलू नका. बऱ्याच स्वस्त यंत्रांना नेटफ्लिक्ससारख्या सेवांची अधिकृत परवानगी नसते, ॲप उघडतच नाही किंवा चित्र हलक्या दर्जाचं येतं. फोनचा पडदा भिंतीवर टाकून पाहू म्हणाल तर पैसे भरून पाहायचे सिनेमे त्या वाटेने अनेकदा काळे दिसतात. चोरी रोखण्याचं कुलूप असतं ते. एचडीएमआयमध्ये एखादी स्ट्रीमिंग स्टिक खोचा आणि मोकळे व्हा.

जुना प्रोजेक्टर हा पर्याय मला खरं म्हणजे आवडतो, कारण कमी पैशात खरा उजेड त्यातच आहे. कार्यालयं आणि कोचिंग क्लासेस टीव्हीकडे वळले की त्यांचे तीन काचांचे किंवा डीएलपीचे, खरे अडीच-तीन हजार ल्युमेन टाकणारे प्रोजेक्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइन बाजारात विकायला येतात. एक बल्ब लावूनही यांच्यावर सामना दिसतो. तोटे असे: चित्र बहुधा १०२४ गुणिले ७६८ आणि जुन्या टीव्हीसारखं चौकोनी, म्हणजे रुंद सिनेमाच्या वर-खाली पट्ट्या, वीज दोनशे ते तीनशे वॅट, आणि एलईडीऐवजी पाऱ्याचा दिवा, जो काही हजार तासांत संपतो. मेनूमध्ये दिव्याचे तास दिसतात. ते तीन हजारांच्या पुढे असतील तर नव्या दिव्याची किंमत आणि तो मिळतो का, हे आधी विचारा. काही वेळा दिवाच यंत्राहून महाग पडतो. आणि असं यंत्र बंद केल्यावर आतला पंखा थांबेपर्यंत प्लग काढायचा नाही. जिथे वीज वारंवार जाते तिथे हा नियम आपोआप मोडला जातो, एवढा एक दोष मोठा.

इथे एक आडवा मुद्दा. गणपतीत आळीतल्या मंडळापुढे रात्री सिनेमा लावायचा बेत अनेकांच्या मनात येतो. घरात कुटुंबासोबत पाहणं वेगळं आणि चार लोक बोलावून दाखवणं वेगळं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनाला हक्कदाराची परवानगी लागते. मूर्तिकामाच्या चित्रफिती, गावच्या पालखीचं स्वतः केलेलं चित्रण, मुलांच्या नाटकाचा व्हिडिओ खुशाल दाखवा. त्याला गर्दीही जास्त होते.

मग घ्यावा की नाही? ४३ इंची टीव्ही वीस-पंचवीस हजारांत येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठे टीव्ही आणि प्रोजेक्टर या दोन्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे प्रोजेक्टर करामुळे महाग पडतो ही तक्रार उरली नाही. घरात एकच पडदा असणार असेल, आजी सकाळी आरती आणि आई दुपारी मालिका पाहणार असेल, तर टीव्ही घ्या, चर्चा संपली. टीव्ही आधीच आहे आणि रात्रीच्या सिनेमासाठी, सामन्यासाठी दुसरा मोठा पडदा हवा आहे, खोली काळोखी होते, तर प्रोजेक्टर घ्या. माझी शिफारस: ८० ते ९० इंचांचं चित्र, नेटिव्ह ७२० किंवा त्याहून वर, बंद ऑप्टिकल इंजिन, आणि मानकाप्रमाणे मोजलेले किमान अडीचशे ल्युमेन. साधारण दहा ते अठरा हजारांत हे बसतं. सहा हजारांच्या खालचं यंत्र मुलांचं खेळणं म्हणून घ्यायचं असेल तरच घ्या.

ऑनलाइन घेतलंत तर बहुतेक ठिकाणी परत करायला किंवा बदलून घ्यायला सात दिवस मिळतात. पहिल्याच रात्री हे करा: पूर्ण पांढरं चित्र टाकून कोपरे आणि रंगाची झाक पाहा, पूर्ण काळं टाकून धुळीचे डाग आणि कडेने गळणारा उजेड पाहा, मग त्या दिवसाच्या मराठी वर्तमानपत्राचं पान उघडून चारही कोपऱ्यांतल्या जाहिराती वाचून काढा. तासभर तसंच चालू ठेवून पुन्हा वाचा. प्लास्टिकचं भिंग तापलं की फोकस सरकतो आणि हा दोष पहिल्या दहा मिनिटांत दिसत नाही. नऊ ठिकाणचे लक्स मोजून आकडा लिहून ठेवा. खोक्यावरच्या आकड्याशी त्याचा काहीच मेळ नसेल आणि विक्रेता परत घेत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बिल जपून ठेवा, आणि सात दिवस होईपर्यंत खोका माळ्यावर टाकू नका.